मूठभर डिंक आणि चार सेकंद

अंबाजोगाईच्या त्या जुन्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञान विभागात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. देवाघरचं तीर्थ एक वेळ गढूळ निघेल, पण आप्पांनी धुतलेली काच घाण निघायची नाही. आप्पा म्हणजे शिवशरण हालगे, प्रयोगशाळेचे परिचर. नोकरीला एकतीस वर्षं झालेली, निवृत्तीला अकरा महिने उरलेले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशात स्टॉपवॉच आणि खांद्यावर एक पांढरं फडकं, ज्याला हात लावायची प्राचार्यांचीही टाप नव्हती. एखाद्या पोरानं काचेचं भांडं नुसतं विसळून ठेवलं की आप्पा ते उजेडात धरायचे आणि आतून ओघळणारं पाणी निरखायचे. "थेंब थेंब चिकटून राह्यले म्हंजे भांडं अजून घाण हाय. पानी सरळ एका पडद्यावानी खाली उतरलं पायजे. जा, परत धू." पोरगा कुरकुरत मोरीकडे जायचा.

गेवराईच्या पेठेत त्यांच्या वडिलांचं छोटं किराणा दुकान होतं. तीन भाऊ आणि एक तराजू, म्हणून मधला शिवशरण बाहेर पडला आणि सव्विसाव्या वर्षी या कॉलेजात चिकटला. बारावी नापास माणसाला त्या वेळच्या विभागप्रमुख सरांनी पहिल्याच आठवड्यात स्टॉपवॉच दिलं आणि एकच गोष्ट शिकवली. "शिवशरण, घड्याळाला विचारायचं. मनाला विचारायचं नाही." सर जाऊन बारा वर्षं झाली. पण रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपली की आप्पा त्या सरांचं नाव मनात घ्यायचे. आपल्यासारख्या पुड्या बांधणाऱ्या माणसाच्या हातात कुणी विश्वासानं घड्याळ ठेवतं, याचं त्यांना इतक्या वर्षांनीही अप्रूप वाटायचं. हातातलं काम हीच पूजा, असं वडील म्हणायचे. ते आप्पांना पटलं कॉलेजात आल्यावर, दुकानात नव्हे.

त्या वर्षी विभागात पीएच.डी. करणारी एकच मुलगी उरली होती. धनश्री. उमापूरच्या शेतकऱ्याची पोर. लहानपणी मे महिन्याच्या नांगरणीत तिच्या वडिलांच्या, भारतरावांच्या, जुन्या ट्रॅक्टरचं रेडिएटर उकळायचं. वाफ उडाली की ते ट्रॅक्टर तिथंच सोडून बांधावर बसायचे आणि धनश्रीला विहिरीकडे पिटाळायचे. भरलेली कळशी घेऊन ढेकळांतून ठेचकाळत येताना ती विचारायची, इंजिनाची उष्णता वाहून न्यायला पाण्यापेक्षा चांगलं काही नसतं का? भारतरावांना कळशीची घाई असायची, प्रश्नाची नसायची. एम.एस्सी. झाल्यावर तोच प्रश्न घेऊन ती अंबाजोगाईत आली.

तिचं काम थोडक्यात असं. लोखंडाच्या ऑक्साइडची काळी पूड तयार करायची, आणि ती इतकी बारीक की माणसाच्या केसाच्या जाडीत तिचे चार हजार कण ओळीनं बसावेत. ही पूड पाण्यात मिसळली की उष्णता साध्या पाण्यापेक्षा झपाट्यानं पुढं सरकते. सांगायला सोपं. पण घोडं पेंड खायचं ते एकाच ठिकाणी. हे कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गाठी होतात आणि सगळा गाळ तळाला जाऊन बसतो. म्हणून प्रत्येक कणावर पातळसा लेप चढवायचा, म्हणजे ते एकमेकांपासून अंतर राखून राहतात. लेप कमी पडला तर गाळ होतो. जास्त झाला तर पाणीच घट्ट होतं आणि ते ढकलता ढकलता पंपाची कंबर मोडते. तेव्हा मोजायच्या गोष्टी दोन, उष्णता किती वाहते आणि पाणी किती सहज वाहतं. पहिलीसाठी सुईचं एक महागडं यंत्र होतं. दुसरीसाठी काचेची एक वाकडी नळी होती, आणि आप्पा होते.

नळीवर दोन खुणा होत्या. पाण्याची पातळी वरच्या खुणेवरून सुटली की घड्याळ सुरू करायचं, खालच्या खुणेला पोचली की बंद. पाणी जितकं घट्ट तितका वेळ जास्त. रिवाज असा की पाण्याचा नवा कॅन भरला की आधी त्यातलं नुसतं शुद्ध पाणी मोजायचं, ते वहीत लिहायचं आणि मगच बाकीचं. त्या नळीत, ठरलेल्या तापमानाला, शुद्ध पाण्याला बासष्ट सेकंद लागायचे. पावसाळा असो, उन्हाळा असो, बासष्ट. आप्पांनी ते हजारदा मोजलं असेल. झोपेतून उठवून विचारलं तरी त्यांनी नावाआधी बासष्ट सांगितलं असतं.

धनश्रीचं मात्र काही जमत नव्हतं. तिनं चढवलेला बाजारी रसायनाचा लेप पाणी तापवलं की सुटायचा आणि तासाभरात बाटलीच्या तळाशी काळा थर धरायचा. तीन वेळा पद्धत बदलली, तीनदा गाळ. तिला मिळालेल्या दोन्ही मुदतवाढी संपल्या होत्या. पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला बाहेरची समिती येणार होती. द्रव टिकतो आणि आकडे पुन्हा पुन्हा तेच येतात, हे त्या दिवशी दाखवता आलं नाही तर नोंदणी रद्द. पाच वर्षं पाण्यात.

त्याच सुमारास कॉलेजची पाण्याची लाइन फुटली आणि चार दिवस नळ कोरडे राहिले. ऊर्ध्वपातित पाणी साठवायचा पाच लिटरचा पांढरा कॅन धुवायला झाला होता. आप्पांनी तो आयुष्यात पहिल्यांदा घरी नेला. गरम पाण्यानं खळबळला, सोबत आणलेल्या शुद्ध पाण्यानं तीनदा विसळला आणि ओसरीवर उपडा घातला. सकाळी पूजा करून बाहेर येतात तर बायकोनं कॅन झाकण लावून सायकलच्या कॅरिअरला बांधूनसुद्धा ठेवलेला. झाकण लावलेला म्हणजे तयार. आप्पा निघाले. त्यांची सायकल अशी खडखडायची की पाठीमागं कॅनमध्ये कुणी वाळू वाजवली असती तरी ऐकू आली नसती. कॉलेजात त्यांनी झाकण काढलं, टाकीत उरलेल्या शुद्ध पाण्याची नळी आत सोडली आणि कॅन भरू दिला.

दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे आप्पा त्या कॅनमधलं पाणी मोजायला बसले. पातळी वरच्या खुणेवरून सुटली, खालच्या खुणेला आली. त्यांनी घड्याळ पाहिलं. सहासष्ट.

नळी धुतली. पुन्हा मोजलं, सहासष्ट. तिसऱ्यांदा मोजलं, तरी सहासष्टच.

आता इथं एकतीस वर्षांच्या माणसाला काय वाटावं? नळी स्वच्छ, कारण ती त्यांनी धुतलेली. पाणी शुद्ध, कारण कॅन त्यांनीच विसळलेला. मग उरलं कोण? आपणच. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागलाय, असं डॉक्टर दोन महिन्यांपूर्वी म्हणाले होते. ते आप्पांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. आपला अंगठा म्हातारा झाला, पातळी खुणेला पोचलेली आपल्याला उशिरा दिसते, असं त्यांच्या मनानं घेतलं. हे विभागात कळलं तर शेवटचे अकरा महिने कुणीतरी पोरगं घड्याळ धरणार आणि आपण बाजूला फडकं घेऊन उभं राहणार. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी वहीत लिहिलं, "पाणी, ६२ सेकंद." आणि पेनाला टोपण लावलं.

त्या दिवसापासून धनश्रीचं नशीबच पालटलं. तिनं नव्या पद्धतीनं लेप चढवला, त्या कॅनच्या पाण्यात पूड मिसळली, तापवली, थंड केली, पुन्हा तापवली. तळाशी काही नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. सुईच्या यंत्रानं सांगितलं की उष्णता साध्या पाण्यापेक्षा नऊ टक्के जास्त वाहते. आप्पांच्या घड्याळानं त्र्याहत्तर सेकंद सांगितले. एक लहानशी बाटली तिनं झाकण घट्ट लावून खिडकीत ठेवली, आणि येणारा जाणारा ती उजेडात धरून बूड बघायचा. धनश्रीनं विभागाला पेढे वाटले. तिच्या मार्गदर्शक वनमाला मॅडम एरवी कौतुकाच्या बाबतीत हात राखून असायच्या. त्यासुद्धा म्हणाल्या, "आता फक्त पुन्हा एकदा करून दाखव. चौदा तारखेची काळजी मिटली."

सतराव्या दिवशी कॅन रिकामा झाला. आप्पांनी तो कॉलेजातच धुतला, कारण नळांना पाणी आलं होतं, आणि नव्यानं भरला. पाणी मोजलं. बासष्ट. आप्पांच्या जिवात जीव आला. डोळे शाबूत होते म्हणायचे.

आणि त्या पाण्यातल्या धनश्रीच्या नव्या द्रवाचा तासाभरात गाळ झाला.

तिनं पुन्हा केला. पुन्हा गाळ. तिसऱ्या वेळी तिनं पूड वेगळ्या बाटलीतली घेतली, हात धुऊन घेतले, देवाचं नावसुद्धा घेतलं असेल. गाळच. चौदा तारखेला नऊ दिवस उरले होते. दुपारी आप्पा चहा घेऊन गेले तेव्हा ती टेबलावर डोकं टेकून बसली होती.

"काय झालं ताई? कावून रडताव?"

"आप्पा, मी तेच सगळं करतेय हो. तोच तराजू, तेच तापमान, तोच वेळ. तेव्हा झालं आणि आता होत नाही. समितीला काय सांगू, एकदा झालं होतं म्हणून?" तिनं खिडकीतल्या बाटलीकडे बोट दाखवलं. "ती बघा. अजून तशीच. मला वेड लागायचं आता."

आप्पांनी बाटली उचलली. काळा द्रव, बूड स्वच्छ. ते तिथंच उभे राहिले. तेव्हाचं आणि आताचं, यात वेगळं काय? पूड नाही, तराजू नाही. कॅन. तो कॅन आणि हा कॅन यांत फरक एकच, तो घरी गेलता. आणि तेव्हा पाण्याला सहासष्ट लागले होते, आता बासष्ट. डोळे तर तेच. पाणी कुठं मुरतंय ते आप्पांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी बाटली जपून खिडकीत परत ठेवली.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आत ते घरी पोचले. जगदेवी, त्यांची बायको, ओसरीवर सूप घेऊन बसली होती. पायातली चप्पल न काढताच त्यांनी विचारलं, "तो पांढरा कॅन मी आनलता, त्यात तू कायी घातलं व्हतं का?"

"घातलं व्हतं की," जगदेवी सहज म्हणाली. "मूठभर डिंक."

"डिंक? कावून?"

"कावून म्हंजे? परक्याचं भांडं रिकामं कसं धाडायचं? इतकी वर्सं झाली, शेजारणीची वाटीसुदिक म्या कवा रिकामी दिली न्हाई. वर्षाराणीच्या लाडवासाठी डिंकवाल्या भामाबाईकडून डिंक घेतलता, त्यो निवडीत बसले व्हते. साखर आत ठिवलेली, डिंक हातात व्हता. टाकला. मला वाटलं, कॉलेजातल्या बाया काढून घेत्याल. का, कमी पडला का?"

आप्पा ओसरीच्या कडेवर बसले. हसावं की रडावं त्यांना कळेना. लेक वर्षाराणी बाळंत झाली, तिच्यासाठी बाभळीचा डिंक आला, आणि त्यातला मूठभर पीएच.डी.त गेला. दिसायला पाणी तसंच राहिलं, पण घट्ट झालं आणि डिंकाचा पातळ लेप धनश्रीच्या कणांवर चढला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं सगळं कॉलेज लेपाची पद्धत शोधत होतं, आणि ती इथं सुपात पडली होती.

जगदेवीनं सारं ऐकून घेतलं आणि तिचा चेहरा पडला. "माझ्यामुळं त्या लेकराचं वाटोळं झालं व्हय?"

"न्हाई. तुझ्यामुळं झालं तेवढंच चांगलं झालं," आप्पा म्हणाले. आणि पुढचं बोलले नाहीत. पुढचं होतं त्यांच्याजवळ.

सकाळी कॉलेजकडे जाताना सायकल त्यांनी हातात धरूनच नेली. मनात दोन वाटा होत्या. डिंकाचं सांगणं सोपं होतं. बायको साधी, तिला काय कळतंय, असं म्हटलं की लोक हसले असते, धनश्रीचं काम झालं असतं, आप्पांच्या नावाला डाग नसता. पण वहीतलं बासष्ट? ते तसंच राहिलं असतं. धनश्रीनं बासष्ट आणि त्र्याहत्तर यांची तुलना करून लिहिलं होतं की पुडीमुळं पाणी जवळजवळ अठरा टक्के घट्ट होतं. खरं तर तुलना सहासष्टाशी व्हायला हवी होती, म्हणजे साडेदहा टक्के. त्या पोरीच्या प्रबंधाच्या पायात एक खोटा दगड बसला होता आणि तो कुणी बसवला हे जगात एकट्या आप्पांना माहीत होतं. घड्याळाला विचारायचं, मनाला नाही. त्यांनी घड्याळाला विचारलं होतं, तीनदा. घड्याळानं खरं सांगितलं होतं. त्यांनी मनाचं लिहिलं.

फाटकाशी त्यांनी सायकल लावली आणि थेट वनमाला मॅडमच्या खोलीत गेले. धनश्रीही तिथंच होती. आप्पांनी आधी बासष्टाचं सांगितलं. डिंकाचं नंतर. आधी सोपं सांगितलं असतं तर अवघड गिळून टाकलं असतं, इतपत ते स्वतःला ओळखून होते.

"तुम्ही खरंच सहासष्ट पाहिलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"तीन डाव, मॅडम."

"मग बासष्ट का लिहिलंत?"

"मला वाटलं, माझेच डोळे गेले. डाव्यात मोतीबिंदू हाय. कुनाला सांगितलं न्हाई. हातातलं घड्याळ काढून घेताल म्हणून भ्यालो मी."

धनश्री उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. "आप्पा, सतरा दिवस! त्या आकड्यांवर मी अख्खं प्रकरण लिहिलंय. आणि तुम्ही? दुसऱ्या कुणी केलं असतं तर..." तिचं वाक्य पुरं झालं नाही. ती दार ढकलून बाहेर गेली.

आप्पा मान खाली घालून उभे राहिले. एकतीस वर्षांत या खोलीत ते कधी असे उभे राहिले नव्हते. मॅडमनी वही मागवली, ते पान काढलं आणि पेन पुढं केलं.

"एक रेघ मारा. खोडू नका. चुकीचा आकडासुद्धा वाचता आला पाहिजे. शेजारी खरा लिहा, तारीख टाका, सही करा."

आप्पांनी बासष्टावर रेघ मारली. शेजारी लिहिलं, "६६. तीन वेळा मोजले. भीतीने चुकीचे लिहिले. शि. हालगे." मॅडमनी ते वाचलं, खाली आपली सही केली आणि म्हणाल्या, "भीतीने हा शब्द नसता लिहिला तरी चाललं असतं."

"असू द्या, मॅडम. त्यो बी खराच हाय."

"बरं. आणि आप्पा, डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या. घड्याळ तुमच्याकडेच राहील."

एवढं ऐकलं आणि इतका वेळ कोरडे राहिलेले आप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी खांद्यावरच्या त्या पवित्र फडक्यानं ते पुसले. फडक्याचा असा उपयोग त्यांनी कधी केला नव्हता.

अर्ध्या तासानं धनश्री परत आली. तोंड धुऊन आली होती. राग पुरता गेला नव्हता, पण डोकं चालायला लागलं होतं. तिनं आप्पांना एकच प्रश्न विचारला.

"काकूंची मूठ केवढी आहे?"

आणि म्हणून त्याच दुपारी जगदेवी हालगे, नवऱ्याच्या नोकरीच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदा, त्याच्या प्रयोगशाळेत आल्या. ठेवणीतलं इरकल नेसून, पिशवीत निवडलेला डिंक घेऊन. दारात चप्पल काढली. नवऱ्यानं नको म्हटलं तरी काढलीच. सगळीकडं मांडलेली लखलखती काच पाहून त्या हळूच म्हणाल्या, "घरात एक गिलास कवा इसळला न्हाई तुमी, आन हितं हे!" धनश्री इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

मग तराजूसमोर उभं राहून जगदेवींनी दहा मुठी डिंक घातला. "त्या दिवशी घातला तसाच घाला, काकू. जास्त नको, कमी नको." "अगं, मूठ ती मूठ. तिला काय माप?" पण माप निघालं. दहा मुठींत सगळ्यांत लहान वीस ग्रॅम, सगळ्यांत मोठी तेवीस. मॅडम म्हणाल्या, आमच्या पोरांचे हात इतके पक्के नसतात. जगदेवी पदर सावरत लाजल्या.

पाच लिटर पाण्यात मूठभर डिंक. रात्रभर भिजला. सकाळी आप्पांनी मोजलं आणि धनश्रीनं शेजारी उभं राहून दुसऱ्या घड्याळानं मोजलं. दोन्हींत सहासष्ट. पूड मिसळली, तापवली. सकाळची संध्याकाळ झाली तरी तळ स्वच्छ. मग तिनं अर्धी मूठ घालून पाहिली, पाव मूठ घालून पाहिली. पाव मुठीत गाळ झाला. अर्ध्या मुठीत द्रव टिकला, उष्णता तेवढीच वाहिली आणि वेळ त्र्याहत्तरावरून सत्तरावर उतरला.

"म्हंजे म्या दुप्पट घातला व्हता?" जगदेवींनी घरी विचारलं.

"दुप्पट."

"सढळ हात हाय माजा," त्या समाधानानं म्हणाल्या.

चौदा तारखेला समिती आली. धनश्रीनं पहिल्याच पानावर सांगून टाकलं की पहिल्या सतरा दिवसांचे आकडे कसे चुकले, कुठं चुकले आणि नंतर सगळं पुन्हा कसं मोजलं. बाहेर व्हरांड्यात आप्पा उभे होते. आतून बराच वेळ प्रश्न ऐकू येत होते आणि मध्येच हसणंही ऐकू आलं, बहुधा मुठीच्या वजनावर. समितीनं सगळे आकडे तपासले, एक प्रयोग डोळ्यांसमोर करून घेतला आणि काम पुढं न्यायला हरकत नाही असं लिहून दिलं. धनश्री बाहेर आली आणि आप्पांच्या पायाशी वाकली. आप्पा दोन पावलं मागं सरकले. "ताई, मी तर तुमचं नुसकान केलतं."

"तुम्ही सांगितलं नसतं तर झालं असतं, आप्पा," ती म्हणाली.

पावसाळा संपता संपता आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. घड्याळ शेवटच्या दिवसापर्यंत त्यांच्याच खिशात राहिलं. निवृत्तीला शाल, नारळ आणि चार भाषणं झाली. भाषणांत सगळ्यांनी त्यांच्या स्वच्छतेचं कौतुक केलं, आणि आप्पा प्रत्येक वेळी अवघडून खाली बघत राहिले.

त्यानंतर दोन महिन्यांनी धनश्री घरी आली. हातात प्रबंधाची काळी जाड प्रत आणि जगदेवींचा स्टीलचा डबा, जो डिंकाच्या लाडवांनी भरून कधीतरी तिच्याकडं गेला होता. डबा जड होता. उमापूरच्या शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या आत. "रिकामा कसा आणायचा, काकू?" जगदेवींनी तो दोन्ही हातांनी घेतला.

मग तिनं प्रबंध उघडून एक पान दाखवलं. वापरलेलं साहित्य कुठून आणलं त्याची ती यादी होती. मोठमोठ्या कंपन्यांची नावं, आणि त्यांच्या खाली इंग्रजीत एक ओळ. आप्पांनी बोट ठेवून अर्थ लावला. बाभळीचा डिंक, गोळा करणाऱ्या भामाबाई, निवडणाऱ्या जगदेवी हालगे, अंबाजोगाई.

"भामाबाईचं नाव हाय ना? मंग बरं," जगदेवी म्हणाल्या. "डिंक तिचाच व्हता."

"आणि हे तुमचं, आप्पा." धनश्रीनं अगदी शेवटचं पान काढलं. त्यावर वहीच्या पानाचा फोटो होता. आप्पांचं स्वतःचं अक्षर. बासष्ट, त्यावर एक रेघ. शेजारी सहासष्ट. खाली भीतीने हा शब्द आणि सही. "मॅडम म्हणाल्या, हे पान जोडायचंच. तुम्हाला राग नाही ना येणार?"

आप्पांना आधी लाज वाटली. आयुष्यभर लिहिलेले हजारो आकडे बरोबर होते, त्यातला एकही कुठं छापून आला नाही. आला तो हा. पण मग त्यांनी ते पान उजेडाकडं धरलं, भांडं धरायचे तसं, आणि पाहत राहिले. चूकही दिसत होती, खरंही दिसत होतं. सर असते तर त्यांना हे पान दाखवता आलं असतं, असं त्यांच्या मनात आलं. ही पोर, त्या मॅडम, ही सढळ हाताची बायको, सगळ्यांनी मिळून आपल्याला वहीत खोटं ठेवून निवृत्त होऊ दिलं नाही. त्यांचे डोळे वाहायला लागले, आता दोन्हीही नीट बघणारे.

"काय लिवलंय एवढं त्यात?" जगदेवींनी विचारलं. "मला बी वाचून दावा की."

आप्पांनी चष्मा नीट केला आणि घसा साफ करून मोठ्यानं वाचलं, "पाणी. सहासष्ट सेकंद."